संगतीची शिक्षा : ऑनलाइन खेळांतील लबाड आणि त्यांचे सोबती

खेळात फसवणूक करणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल सहसा दुमत नसते. वाद निर्माण होतो तो त्याच्या सोबत्याविषयी. इंटरनेटवर संघाने खेळल्या जाणाऱ्या संगणकीय खेळांत एका खेळाडूने लबाडीचे सॉफ्टवेअर वापरले आणि त्याच्या जोडीदाराने स्वतः काहीही गैर केले नाही, तरी विजयाचे गुण दोघांच्याही खात्यांत जमा होतात. अशा जोडीदाराचे खातेही बंद करावे काय? २०२० पासून अनेक मोठ्या कंपन्यांनी या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले आहे आणि त्यासाठी नियम केले आहेत. जगभरातील खेळाडूंमध्ये या नियमांविषयी दोन तट पडले आहेत. चोरीच्या मालाचा वाटेकरी हाही चोरच, असे एक बाजू म्हणते. सुक्याबरोबर ओलेही जाळण्याचा हा प्रकार आहे, असे दुसरी बाजू म्हणते.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. लबाडीतून मिळालेला लाभ काढून घेणे ही एक गोष्ट, आणि शिक्षा करणे ही दुसरी. पहिलीसाठी सोबत्याचा दोष सिद्ध करण्याची गरज नाही, दुसरीसाठी मात्र ती आहे. मैदानी खेळ, बुद्धिबळ, ब्रिज आणि कायदा या सर्वच क्षेत्रांतील अनुभव याच फरकाकडे बोट दाखवतो.

लबाडीची साधने

नेमबाजीच्या ऑनलाइन खेळांत प्रामुख्याने दोन प्रकारची लबाडी चालते. 'एमबॉट' हे सॉफ्टवेअर खेळाडूच्या बंदुकीचा नेम आपोआप प्रतिस्पर्ध्यावर धरते. 'वॉलहॅक'मुळे भिंतीआड दडलेला प्रतिस्पर्धी पडद्यावर दिसू लागतो. हे शक्य होते त्याचे कारण खेळाच्या रचनेतच आहे. प्रतिस्पर्धी कोपऱ्यावरून वळताच तो पडद्यावर दिसायचा, तर त्याचे स्थान खेळाडूच्या संगणकाला आधीच ठाऊक असावे लागते. ही माहिती संगणकाच्या स्मृतीत असते आणि लबाडीचे सॉफ्टवेअर ती तेथून वाचते.

हे सॉफ्टवेअर पकडण्याचे मार्गही आता बरेच पुढे गेले आहेत. 'डोटा २' या खेळात व्हॉल्व्ह कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये एक सापळा लावला. नेहमीच्या खेळात जी माहिती कधीच वाचली जाणार नाही, अशी माहिती खेळात पेरण्यात आली. ती फक्त लबाडीचे सॉफ्टवेअरच वाचू शकत होते. ज्यांच्या खात्यांतून ती वाचली गेली, अशी ४० हजारांहून अधिक खाती कायमची बंद झाली. येथे पुरावा यांत्रिक आणि नेमका होता.

सोबत्याच्या बाबतीत असा पुरावा मिळण्याची सोय नाही. त्याच्या संगणकावर कोणतेही गैर सॉफ्टवेअर नसते. त्याच्याविरुद्ध असतो तो केवळ परिस्थितीजन्य पुरावा : तो कोणाबरोबर खेळला, किती वेळा खेळला आणि त्यातून त्याला काय मिळाले. सगळ्या वादाचे मूळ येथे आहे.

सोबत्याकडे लक्ष का गेले?

ऑनलाइन खेळांत संघ दोन प्रकारे तयार होतात. एकट्याने आलेल्या अनोळखी खेळाडूंना खेळाची यंत्रणाच एकत्र बसवते, किंवा ओळखीचे खेळाडू आधीच गट करून येतात. पहिल्या प्रकारात सोबती निवडण्याचे स्वातंत्र्यच नसल्याने शिक्षेचा प्रश्न उद्भवत नाही. वाद आहे तो दुसऱ्या प्रकाराचा.

कंपन्यांनी या गटांकडे लक्ष वळवण्यामागे एक आर्थिक कारण आहे. पूर्वी खेळाची प्रत विकत घ्यावी लागे. त्यामुळे खाते बंद झाले की पैसेही बुडत. पुढे अनेक मोठे खेळ मोफत झाले. 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह' डिसेंबर २०१८ मध्ये मोफत झाला, 'डेस्टिनी २' २०१९ मध्ये बहुतांशी मोफत झाला, तर २०२० मध्ये आलेला 'व्हॅलरंट' आरंभापासूनच मोफत होता. खाते फुकट मिळू लागल्यावर बंदीचा धाक उरला नाही. लबाड खेळाडू एक खाते बंद होताच दुसरे उघडू लागला.

यातून एक नवी पद्धत रूढ झाली. लबाडी करायची ती टाकाऊ खात्यावरून, आणि तिचा लाभ मात्र शेजारच्या स्वच्छ खात्यात साठवायचा. टाकाऊ खाते बंद झाले तरी स्वच्छ खात्याची क्रमवारी, पदके आणि बक्षिसे शाबूत राहतात. काही ठिकाणी तर पैसे घेऊन इतरांना वर चढवून देण्याचा धंदाच उभा राहिला. खेळाडूंच्या बोलीत याला 'बसिंग' असे नाव पडले. बस चालवणारा वेगळा, आणि आत बसून आयता मुक्कामी पोहोचणारा वेगळा. दुसऱ्याच्या हातून क्रमवारी वाढवून घेण्याचा हा व्यवहार काही देशांना इतका गंभीर वाटला, की दक्षिण कोरियात तो धंदा म्हणून करणे २०१९ पासून कायद्याने गुन्हा ठरले. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

सोबत्याला हात न लावता फक्त लबाडाचे टाकाऊ खाते बंद करणे म्हणजे दरोडेखोराची मोटार जप्त करून लूट त्याच्या भागीदाराच्या घरी तशीच ठेवण्यासारखे होते. कंपन्यांच्या बाजूचा हा सर्वांत सबळ युक्तिवाद आहे, आणि तो सहजी खोडून काढता येणारा नाही.

नियम कसे घडले?

'डेस्टिनी २' तयार करणाऱ्या बंजी कंपनीने २०२० मध्ये हा नियम स्पष्ट शब्दांत मांडला. त्या वर्षी या खेळात तिघांच्या संघांची एक प्रतिष्ठेची स्पर्धा पुन्हा सुरू झाली होती आणि तिच्यात लबाडीचा सुळसुळाट झाला होता. लबाडीचा लाभ घेणाऱ्या संघसोबत्यांवर, त्यांनी स्वतः लबाडी केली नसली तरी, निर्बंध किंवा बंदी येऊ शकेल असे कंपनीने जाहीर केले. आपले खाते दुसऱ्याला खेळायला देणाऱ्याने त्या खात्यावर झालेल्या लबाडीची जबाबदारीही स्वीकारावी, असेही तिने सांगितले.

'व्हॅलरंट'च्या रायट गेम्स कंपनीने त्याच वर्षी जाणूनबुजून लबाडांबरोबर खेळणाऱ्यांसाठी ९० दिवसांच्या बंदीचा मार्ग अवलंबला. लबाडाला कायमची आणि सोबत्याला मुदतीची शिक्षा, असा भेद यात होता. 'ओव्हरवॉच २'च्या ब्लिझार्ड कंपनीने २०२३ मध्ये असेच पाऊल उचलले. तिचा रोख एखाद्या वेळी योगायोगाने लबाडाच्या गटात सापडलेल्यांवर नव्हता, तर वारंवार त्यांच्यासोबत खेळणाऱ्यांवर होता.

याहून कठोर नियम व्हॉल्व्ह कंपनीच्या 'स्टीम' या विक्रीव्यवस्थेत आढळतो. तेथे कुटुंबातील सदस्य एकमेकांचे खेळ वापरू शकतात. मात्र मुलाने आईच्या मालकीची प्रत वापरून लबाडी केली, तर त्या खेळापुरती बंदी आईच्या खात्यावरही येते. आईला त्याची कल्पना होती की नाही, हा प्रश्न विचारला जात नाही. येथे दोष पाहिला जात नाही, मालकी पाहिली जाते. आपली वस्तू दुसऱ्याला वापरू देणाऱ्याने सावध राहावे, अशी त्यामागची भूमिका आहे. हा नियम आधीच जाहीर असतो, एवढी जमेची बाजू. परंतु संगतीच्या शिक्षेचे हे सर्वांत टोकाचे उदाहरण म्हणावे लागेल.

मैदानावरचे दाखले

एकाच्या अपराधाची झळ संघाला बसण्याचा प्रश्न मैदानी खेळांना नवा नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जमैकाने पुरुषांच्या ४ बाय १०० मीटर रिलेचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघातील नेस्टा कार्टरच्या जुन्या नमुन्याची फेरतपासणी झाली आणि त्यात बंदी असलेले द्रव्य आढळले. जानेवारी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने संपूर्ण संघाचे पदक काढून घेतले. त्यामुळे उसेन बोल्टच्या नऊ सुवर्णपदकांची आठ झाली. बोल्टवर मात्र कोणताही आरोप झाला नाही आणि बंदीही आली नाही. तो पुढील शर्यती धावण्यास मोकळा होता. पदक गेले कारण ते चौघांच्या एकत्रित वेळेवर मिळाले होते आणि त्यातील एक वेळ प्रामाणिक नव्हती. लाभ काढून घेणे आणि शिक्षा करणे यांतील फरक येथे अगदी ठळकपणे दिसतो.

दुसरा दाखला सिडनी येथील २००० च्या ऑलिम्पिकचा. अमेरिकेच्या मॅरियन जोन्सने २००७ मध्ये उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. त्यानंतर २००८ मध्ये तिच्या रिले संघांतील सहकाऱ्यांचीही पदके काढून घेण्यात आली. त्यांपैकी सात जणींनी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका खेळाडूच्या अपराधाबद्दल साऱ्या संघाला अपात्र ठरवण्याचा नियम २००० मध्ये अस्तित्वात नव्हता, हे त्या निकालाचे कारण होते. नियम आधी, शिक्षा नंतर, हे तत्त्व त्यातून अधोरेखित झाले. याच ऑलिम्पिकमधील पुरुषांच्या ४ बाय ४०० मीटर रिलेबाबत मायकेल जॉन्सनने वेगळा मार्ग निवडला. अँटोनियो पेटिग्रू या सहकाऱ्याने २००८ मध्ये कबुली दिल्यावर जॉन्सनने आपले सुवर्णपदक स्वतःहून परत करण्याचे जाहीर केले.

संगतीलाच अपराध मानणारा एक नियमही क्रीडाविश्वात आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे 'वाडा'च्या, २०१५ च्या संहितेत 'निषिद्ध संगत' हे कलम आले. बंदी भोगत असलेला प्रशिक्षक, वैद्य किंवा अन्य साहाय्यक यांच्याबरोबर खेळाडूने व्यावसायिक संबंध ठेवणे हा त्यानुसार नियमभंग ठरतो. सुरुवातीला त्यासाठी खेळाडूला आधी लेखी सूचना देणे आवश्यक होते. २०२१ च्या संहितेत ही अट गेली, परंतु संबंधित व्यक्तीवरील बंदी खेळाडूला माहीत होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी यंत्रणेवर राहिली. म्हणजे जिथे संगत हाच अपराध आहे, तिथेही तो जाणून केलेला असावा लागतो.

एकाची लबाडी, चौघांचे नुकसान

संगणकीय खेळांच्या व्यावसायिक स्पर्धांत हेच प्रश्न नव्या रूपात पुढे आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक'च्या टायटन आणि एप्सिलॉन या संघांतील एकेका खेळाडूचे खाते लबाडीबद्दल बंद झाले. स्वीडनमधील 'ड्रीमहॅक विंटर' ही वर्षातील महत्त्वाची स्पर्धा तोंडावर आलेली असताना दोन्ही संघांना तिच्यातून वगळण्यात आले. उरलेल्या खेळाडूंवर बंदी नव्हती, मात्र अनेक महिन्यांची त्यांची मेहनत वाया गेली.

भारतीयांच्या स्मरणात असलेले उदाहरण ऑक्टोबर २०१८ मधील आहे. शांघाय येथील 'एक्स्ट्रीम्सलँड' स्पर्धेत 'ऑप्टिक इंडिया' संघातील 'फोरसेकन' या टोपणनावाने खेळणारा खेळाडू सामना सुरू असतानाच लबाडीच्या सॉफ्टवेअरसह पकडला गेला. संघ बाद झाला. अमेरिकेतील मूळ संस्थेने भारतीय संघच बरखास्त केला आणि चार सहकाऱ्यांची करारावरची नोकरी एका दिवसात संपली. त्या खेळाडूवर पुढे पाच वर्षांची बंदी आली. सहकाऱ्यांवर कोणतीही बंदी आली नाही, पण त्यांचे नुकसान काही कमी झाले नाही. नियमाने निर्दोष ठरवले, तरी संगतीचा डाग आणि तिची किंमत चुकत नाही, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

बुद्धिबळातही असा प्रसंग आला. २०२० मध्ये 'प्रो चेस लीग' या सांघिक स्पर्धेची अंतिम फेरी इंटरनेटवर खेळली गेली. आर्मेनिया ईगल्स या संघाने सेंट लुईसच्या संघाला हरवून विजेतेपद मिळवले. काही दिवसांतच ग्रँडमास्टर तिग्रान एल. पेत्रोस्यान याने निष्पक्ष खेळाचे नियम मोडल्याचा निष्कर्ष आयोजकांनी जाहीर केला. त्याने आरोप फेटाळला, तरी त्याच्यावर लीगमध्ये आणि चेस डॉट कॉमवर आजन्म बंदी आली. संघ अपात्र ठरला आणि विजेतेपद सेंट लुईसकडे गेले. येथेही वैयक्तिक बंदी एकालाच झाली. इतरांना विजेतेपद गमवावे लागले, खेळण्याचा हक्क नव्हे.

जोडीने खेळल्या जाणाऱ्या ब्रिजमध्ये हा प्रश्न अधिक नाजूक आहे. समोरासमोरच्या खेळात चोरट्या खुणा करायच्या तर दोघांचा सहभाग लागतो, त्यामुळे शिक्षाही जोडीला होते. ऑनलाइन ब्रिजमध्ये ही गोष्ट बदलली. एखादा खेळाडू दुसऱ्या उपकरणावरून प्रेक्षक म्हणून शिरून चौघांचीही पाने पाहू शकतो, आणि त्याच्या जोडीदाराला त्याचा पत्ताही लागत नाही. २०२० मध्ये पोलंडच्या एका नामवंत खेळाडूने अशा गैरप्रकाराची कबुली दिली, तेव्हा ही शक्यता साऱ्या ब्रिजविश्वापुढे उघड झाली. जोडी म्हणजे एकच मन, हे जुने गृहीतक तेथे टिकत नाही.

ब्रिजमधील नैतिकतेचे एक उदाहरणही येथे नोंदवण्याजोगे आहे. नॉर्वेच्या बोये ब्रोगेलांड याने २०१५ मध्ये लोतान फिशर आणि रॉन श्वार्त्झ या इस्रायली जोडीच्या फसवणुकीला वाचा फोडली. हे दोघे पूर्वी त्याच्याच संघात होते. त्यांच्यासोबत मिळवलेली विजेतेपदे आपल्याला नकोत, अशी घोषणा त्याने केली. त्याला शिक्षा करण्याची कोणालाही गरज वाटली नाही, कारण लाभ त्याने स्वतःच सोडून दिला होता.

ठाऊक होते, की नव्हते?

भारतीय कायद्यात या प्रश्नाला जवळची अशी एक तरतूद आहे. चोरीची मालमत्ता स्वीकारणे हा गुन्हा ठरतो तो, ती चोरीची आहे हे स्वीकारणाऱ्याला ठाऊक असेल किंवा तसे मानण्यास त्याला सबळ कारण असेल, तेव्हाच. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील ही तरतूद जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात आहे. मात्र नकळत विकत घेतलेली चोरीची वस्तू निर्दोष ग्राहकालाही ठेवून घेता येत नाही. ती मूळ मालकाकडे जाते. ग्राहकाचे पैसे बुडतात, पण तो तुरुंगात जात नाही. ऑनलाइन खेळांना हे माप चपखल बसते.

मग सोबत्याला ठाऊक होते हे ओळखायचे कसे? काही खुणा बऱ्यापैकी भरवशाच्या आहेत. एकाच व्यक्तीची तीन-चार खाती लागोपाठ बंद झाली आणि प्रत्येक वेळी नव्या खात्याबरोबर तोच सोबती पहिल्या दिवसापासून खेळत राहिला, तर 'मला कल्पना नव्हती' या म्हणण्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. पैशांची देवघेव, खेळातील लेखी संभाषण आणि एकट्याने खेळताना असलेल्या क्रमवारीत गटाबरोबर खेळताना झालेली अचानक वाढ, हेही पुरावे ठरतात. बऱ्याच खेळांत बाद झालेल्या खेळाडूला सहकाऱ्याच्या नजरेतून उरलेला खेळ पाहता येतो. भिंतीआडच्या माणसावर पुन्हा पुन्हा नेम धरला जात असेल, तर जाणकार सोबत्याच्या ते ध्यानात यायला हवे.

यातील प्रत्येक खुणेला अपवादही आहेत. नवख्याला कौशल्य आणि लबाडी यांतील फरक कळत नाही. शाळकरी मुले मित्राच्या आग्रहाखातर खेळायला बसतात. क्रमवारीत बराच वर असलेला मित्र मिळाला, की प्रामाणिक गटाचीही प्रगती होते. शिवाय चतुर लबाड आपली लबाडी मित्रांपासूनही लपवतो. ऑप्टिक इंडियाच्या सहकाऱ्यांनी एकाच मेजावर शेजारी बसूनही ती ओळखली नव्हती, तर दूरच्या गावातून खेळणाऱ्या मित्राने ती ओळखावीच, असा हट्ट धरता येत नाही.

यात आणखी एक अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. लबाड सापडला की त्याचे खाते तत्काळ बंद करण्याऐवजी कंपन्या अनेकदा काही दिवस किंवा आठवडे थांबतात आणि मोठ्या संख्येने खाती एकाच वेळी बंद करतात. आपली पकडण्याची युक्ती सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना लगेच कळू नये, हा त्यामागील रास्त हेतू असतो. परंतु या मधल्या काळात तो खेळाडू लबाड आहे हे कंपनीला ठाऊक असते, सोबत्याला मात्र नसते. तो त्याच्याबरोबर खेळत राहतो आणि त्याच्या नावावरील सामन्यांचा आकडा वाढत जातो. पुढे तोच आकडा त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला, तर कंपनीने स्वतःच्या मौनाची शिक्षा दुसऱ्याला दिली असे होईल. कंपनीला लबाडी कळली त्यानंतरचे सामने सोबत्याच्या अपराधात धरले जाऊ नयेत, अशी किमान अपेक्षा ठेवता येते.

चुकलेल्या बंदीची किंमत

लबाड पकडणारी यंत्रणाही चुकते. जुलै २०१० मध्ये व्हॉल्व्हच्या यंत्रणेने 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' या खेळाच्या सुमारे १२ हजार खेळाडूंवर चुकीने बंदी घातली. कंपनीने चूक मान्य केली, बंदी उठवली आणि भरपाई म्हणून दुसऱ्या एका खेळाची प्रत भेट दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधील एका नव्या सुविधेमुळे 'काउंटर-स्ट्राइक २'च्या निरपराध खेळाडूंची खाती बंद झाली. ती सुविधा मागे घ्यावी लागली आणि बंदीही उठली.

या दोन्ही प्रसंगी यांत्रिक पुराव्यात चूक झाली होती आणि ती शोधता आली. सोबत्यांवरही तशीच बंदी असती, तर एका चुकीच्या निष्कर्षाबरोबर त्या प्रत्येक खेळाडूचा मित्रपरिवारही अडकला असता. एकावर आधारलेली दुसरी शिक्षा ही पहिल्या शिक्षेतील चूक कित्येक पटींनी वाढवते. म्हणूनच मूळ बंदी उठली की तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व बंदी आपोआप उठायला हव्यात.

ऑनलाइन बंदी ही केवळ करमणुकीपुरती राहिलेली नाही. खात्यात वर्षानुवर्षे खरेदी केलेल्या वस्तू असतात. काहींचे उत्पन्न त्यावर अवलंबून असते. युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमांतील २२ वे कलम, व्यक्तीवर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेण्यावर मर्यादा घालते. भारतात संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली, त्याचबरोबर ई-क्रीडांना क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. क्रीडाप्रकार म्हटले की खेळाडूचे हक्क आले, आणि त्यात बाजू मांडण्याचा हक्क पहिला.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. चौघांच्या गटाने खेळला जाणारा 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा खेळ येथे मुख्यतः मोबाइलवर खेळला जातो. त्याच्या कंपनीने २०२१ च्या अखेरीस लबाडीसाठी वापरलेल्या मोबाइल संचावरच कायमची बंदी घालण्याचे धोरण स्वीकारले. एकच मोबाइल घरातील दोन-तीन भावंडांच्या हाती फिरत असेल, किंवा जुना संच पुढे विकला गेला असेल, तर अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असे घडू शकते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

न्याय्य नियमाची लक्षणे

या साऱ्या अनुभवांतून काही निकष हाती लागतात. पहिला म्हणजे नियम आधी आणि समजेल अशा भाषेत जाहीर झाला पाहिजे. शंभर पानी करारातील एका ओळीने ही गरज भागत नाही. 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये गटातील एखाद्याचा विश्वासांक फारच कमी असेल, तर खेळ सुरू होण्यापूर्वीच इतरांना तशी सूचना दिसत असे. अशी सूचना मिळूनही जो त्याच गटात राहतो, त्याला नंतर अज्ञानाची सबब सांगता येत नाही.

दुसरा निकष लाभाविषयी आहे. लबाडाच्या सामन्यांतून मिळालेली क्रमवारी, गुण आणि बक्षिसे गटातील सर्वांकडून, दोष न पाहता, परत घ्यावीत, आणि हरलेल्यांना त्यांचे गुण परत मिळावेत. 'रेनबो सिक्स सीज' या खेळात लबाडाचे खाते बंद झाल्यावर त्याच्या सामन्यांचा क्रमवारीवरील परिणाम पुसून टाकण्याची सोय आहे. एवढे केले तरी आयते वर चढण्याचा मोह बराचसा संपतो, आणि निर्दोष सोबत्याचे खाते शाबूत राहते.

तिसरा निकष शिक्षेच्या प्रमाणाचा. पहिल्या वेळी ताकीद, पुन्हा तसेच घडल्यास मुदतीची बंदी, आणि पैसे देऊन वा खाते बदलून सराईतपणे लाभ घेणाऱ्यालाच कायमची बंदी, अशी चढण असावी. सोबत्याला लबाडाइतकीच शिक्षा दिली, तर दोघांच्या दोषांतील फरक नियमालाच मान्य नाही असे होते. कबुली देणाऱ्याला सवलत मिळाली पाहिजे. २०२० मध्ये 'काउंटर-स्ट्राइक'मधील एका त्रुटीचा गैरफायदा घेतल्याबद्दल ई-क्रीडा सचोटी आयोगाने ३७ प्रशिक्षकांवर बंदी घातली, तेव्हा स्वतःहून कबुली देणाऱ्यांची मुदत कमी केली होती. मित्राची लबाडी कळताच ती कळवणाऱ्या सोबत्याला याहून अधिक संरक्षण हवे.

चौथा निकष दाद मागण्याचा. कोणत्या सामन्यांवरून आणि कोणत्या खात्याच्या संगतीमुळे कारवाई झाली, एवढे तरी खेळाडूला कळले पाहिजे, आणि त्याचे उत्तर यंत्राने नव्हे तर माणसाने वाचले पाहिजे. लबाडी पकडण्याची युक्ती गुप्त ठेवणे समजण्याजोगे आहे. सोबत्याविरुद्धचा पुरावा मात्र त्याच्याच खेळाची नोंद असतो, आणि ती त्याच्यापासून लपवण्याचे कारण नाही.

या निकषांवर पाहता सोबत्यांवरील सरसकट बंदी अन्याय्य ठरते, तशीच त्यांना दिलेली सरसकट माफीही. समोरच्या संघातील प्रामाणिक खेळाडूचा विचार करता हे अधिक स्पष्ट होते. तो हरला तो एकट्या लबाडाकडून नाही, तर त्याच्या साऱ्या गटाकडून. त्याचे गमावलेले गुण परत मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो देताना सोबत्याच्या भावनांचा विचार करण्याचे कारण नाही. सोबत्याचे खाते कायमचे बंद व्हावे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्याला काय ठाऊक होते, हे विचारावे लागेल आणि तो काय सांगतो, ते ऐकून घ्यावे लागेल.